बुलेटची साइडकार डावीकडे ओढतेय, शनिवारी निघायचंय – मदत हवी आहे

गोदाकाठ_३५०
लोकहो, तातडीने मदत हवी आहे. बुलेटला साइडकार बसवून घेतली. पन्नासच्या पुढे गेलं की हँडल डावीकडे ओढतं. त्र्यंबक रोडला वीस किलोमीटर चालवली तर खांदे भरून आले. बसवून देणारे म्हणतात, "सवय होईल." शनिवारी पहाटे नाशिकहून हंपीला निघायचंय. तंबू सोबत आहे, वाटेत दोन मुक्काम. काय करू?

सिन्नर_फाटा
बुलेट कोणत्या सालची? साइडकार कुठल्या बाजूला? रिकामी असताना ओढते की माणूस बसल्यावर? आत बसणार कोण?

गोदाकाठ_३५०
डावीकडेच आहे हो, आपल्याकडे उजवीकडे कोण लावतं? १९९४ची, उजव्या पायात गिअरवाली. रिकामीच चालवलीय. उपाय सांगा ना.

रानमुक्काम
तंबूबद्दल सांगतो. दुहेरी कापडाचाच घ्या, एकेरीत पहाटे आतून दव गळतं. खालची ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका, कडा आत दुमडा. नाहीतर पाऊस पडला की पाणी थेट अंथरुणाखाली येतं. धरणाच्या काठाला, नदीच्या पात्रात अजिबात लावू नका.

सातपूरकर
ताडपत्री कोणी विचारलीय? माझं ऐका, साइडकार काढा आणि सेकंडहँड चारचाकी घ्या. आणि आरसीवर नोंद केलीत का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत बदल केला तर आरटीओकडून मंजुरी लागते.

गोदाकाठ_३५०
नोंद झालीय. चारचाकी घरात आहे. वडील ७६ वर्षांचे आहेत, खुब्याच्या ऑपरेशननंतर पाय टाकून मागे बसता येत नाही. ही बुलेट त्यांचीच. मी टाकीवर बसायचो आणि ते कसारा घाट उतरायचे. हंपी त्यांना याच गाडीवरून बघायचीय. वजन ८२ किलो, शिवाय सामान पंचवीस-तीस.

सिन्नर_फाटा
दादा, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! एवढं वजन बसलं की साइडकारची स्प्रिंग दबते आणि अख्खी बुलेट डावीकडे कलते. रिकामी ओढतेय म्हणजे आधीच काहीतरी कमी आहे, वडील बसल्यावर आणखी ओढेल.
सपाट फरशीवर गाडी उभी करा. वडिलांना आत बसवा, सामान ठेवा, तुम्ही सीटवर बसा. तिसऱ्या माणसाने मागच्या चाकाशी ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजावं. भरलेल्या गाडीत बुलेट सरळ, किंवा अगदी किंचित उजवीकडे कललेली हवी.
मग टो-इन, म्हणजे साइडकारचं चाक पुढून बुलेटकडे किंचित वळलेलं असणं. फरशीवाले वापरतात तसे ॲल्युमिनियमचे दोन सरळ पाइप घ्या. एक बुलेटच्या दोन्ही चाकांना टेकवा, एक साइडकारच्या चाकाला. पुढचं अंतर मागच्यापेक्षा १२ ते २० मिमी कमी हवं.

चेतक_प्रेमी
एवढं कशाला? टो-इन तीसपर्यंत न्या, ओढणं बंद. आमच्या काकांच्या चेतकला तेच केलं होतं. रविवार कारंजावर आम्ही तीन भावंडं त्या साइडकारमध्ये बसून जायचो, पुढे काचेला काकूंनी झेंडूची माळ बांधलेली असायची. काय दिवस होते!

सिन्नर_फाटा
तीसवर टायर हंपी येईपर्यंत सोलून निघेल. रोग कलण्यात आहे, औषध टो-इनचं कशाला? आणि त्र्यंबक रोडला डाव्या कडेने चालवलीत तर रस्त्याचा उतारही डावीकडेच असतो. मोकळ्या रस्त्याच्या मध्यावर तपासा.
रिकाम्या साइडकारने डावं वळण जोरात घेऊ नका, चाक उचलतं. वडील उतरले तर पाण्याचा भरलेला कॅन आत ठेवा. साइडकारच्या चाकाला ब्रेक नसेल, तर जोरात दाबल्यावर गाडी उजवीकडे वळेल, म्हणजे समोरच्या वाहनाकडे. हे आधी हातात बसू द्या.

भीमाकाठ
तुम्ही अहिल्यानगर, करमाळा, टेंभुर्णी, सोलापूर, विजयपूर असे जाणार ना? गाळप सुरू झालं असेल तर अंधारात करमाळा-टेंभुर्णी पट्टा टाळा. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. दोन चाकांवर खड्डा चुकवता येतो, तिसरं चाक त्यातच जातं.

रानमुक्काम
वडिलांना जमिनीवर झोपवू नका. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला खालून उठणं अवघड. घडीची खाट घ्या, गुडघ्याएवढ्या उंचीची. हंपी संरक्षित आहे, तिथे अवशेषांत तंबू लावता येणार नाही, राहण्याची सोय आधीच बघा. आणि हंपीआधी एक रात्र भंडारदऱ्याला काढून या. घोटीवरून जवळ आहे, काही बिघडलं तर घरी परतता येईल.

सातपूरकर
खाटेचं पटलं. चारचाकीचा आग्रह सोडतो.

गोदाकाठ_३५०
मोजलं. बाबा साइडकारमध्ये चहाचा थर्मास मांडीवर घेऊन बसले होते, बहिणीने ओळंबा धरला. रिमच्या वर-खाली १५ मिमी फरक, बुलेट साइडकारकडे झुकलेली. टो-इन फक्त ५. साइडकार बुलेटला जोडणाऱ्या वरच्या दोन दांड्यांचे आटे फिरवून ते लांब केले, टो-इन १५वर आणलं. संध्याकाळी बाबांना घेऊन गंगापूर धरणापर्यंत गेलो. पंचावन्नला हँडल दोन बोटांनी धरता आलं.
शनिवारी भंडारदरा, हंपी पुढच्या आठवड्यात. सिन्नर_फाटा, तुमचे उपकार विसरणार नाही.
खाट साइडकारच्या मागे बांधू की बुलेटच्या कॅरिअरवर?

सिन्नर_फाटा
साइडकारमध्येच, खाली आणि शक्य तेवढी चाकाजवळ. बांधून झाल्यावर ओळंबा पुन्हा सोडा.