मदत हवी आहे: मुलं चुकीच्या निष्कर्षावर पोचली, आता सांगू की गप्प बसू?

मी दुसरीला शिकवते. वर्गात २८ मुलं. घरून रंगवून आलेले तक्ते बघून कंटाळले होते, म्हणून यंदा ठरवलं की प्रश्न मुलांचा, बघणं मुलांचं आणि उत्तरही त्यांनीच शोधायचं.

खिडकीच्या कट्ट्यावर मुंग्यांची रांग होती, तिथूनच सुरुवात केली. प्रश्नांचा नुसता पाऊस! मुंग्या झोपतात का, मुंगीला आजी असते का, त्या एकमेकींना ओळखतात का. यातला वर्गात तपासता येईल असा प्रश्न निवडतानाच माझी दमछाक झाली. शेवटी हा धरला: वाटेत काही आडवं आलं तर मुंग्या काय करतात?

एका गटाने रांगेवर खडूने आडवी रेघ मारली. मुंग्या रेघेपाशी थबकल्या, काही मागे फिरल्या, काही सैरावैरा. लगेच एकजण ओरडला, "त्यांना पांढरा रंग आवडत नाही!" आणि अख्ख्या वर्गाने ते मान्य करून वहीत लिहून टाकलं. एकीने तर चित्रातल्या मुंगीला काळा चष्माही चढवला.

मुंग्या वासाच्या मागावर चालतात आणि खडूने तो माग तुटतो, हे मला माहीत आहे. पण मी सांगितलं तर पुढच्या वेळी मुलं मुंग्यांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघतील (आत्ताही बघतातच). नाही सांगितलं तर चुकीचं घेऊन घरी जातील. तुम्ही काय करता?

शिवाय चौघांच्या गटात एकच मूल काम करतं आणि तिघं बघत बसतात. अर्ध्या वर्गाला सलग वाक्य लिहायला वेळ लागतो, तोवर मुंग्या निघून जातात.

प्रतिसाद १
सांगू नका. "पांढरा आवडत नाही" हे चूक असलं तरी तपासता येण्यासारखं आहे, आणि या वयात तेवढं पुष्कळ झालं. "मग पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवली तर काय होईल?" असं विचारा. काय होईल ते आधी बोलून घ्या, मग पट्टी ठेवा.

प्रतिसाद २
थांबा, इथे घोटाळा होईल. चालत्या रांगेवर पट्टी ठेवली तर वासाचा माग कागदाखाली झाकला जाईल, मुंग्या पुन्हा अडखळतील आणि मुलं म्हणतील, "बघा, पांढराच!" त्यापेक्षा लाल किंवा निळ्या खडूची रेघ मारायला लावा. दुसरी जागा अशी करा की रेघ नाही, काही नाही, फक्त ओल्या बोटाने वाट पुसायची. रंगच नसताना मुंग्या गोंधळल्या की तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

लिहिण्याचं म्हणाल तर त्या वेळी लिहायला लावूच नका. एकाने बोलायचं, एकाने चित्र काढायचं, एकाने मुंग्या मोजायच्या, एकाने वेळ बघायची. रोज कामं फिरवा, म्हणजे बघे उरत नाहीत.

प्रतिसाद ३
ताई, तुम्ही थोडी उडी मारलीत असं वाटतं. बँची आणि बेल या शिक्षण-अभ्यासकांनी २००८ मध्ये मुलांनी स्वतः शोधून शिकण्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. पहिल्या पायरीत उत्तर आधीच माहीत असतं, दुसरीत प्रश्न आणि कृती शिक्षक देतात, तिसरीत फक्त प्रश्न, आणि चौथीत प्रश्नसुद्धा मुलांचा. मुलांना सवय नसताना तुम्ही थेट चौथीवरून निघालात. पुढचा प्रकल्प दुसऱ्या पायरीवरून करून बघा, त्यात काही कमीपणा नाही.

आणि प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजा. मेरी बड रो या शिक्षण-संशोधकांनी वर्गांत पाहिलं तेव्हा शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. हे तीन सेकंद फार लांब वाटतात, हे मात्र खरं.

मूळ प्रश्नकर्ती
आज लाल खडू आणि ओलं बोट, दोन्ही केलं. लाल रेघेलाही मुंग्या थबकल्या तेव्हा एकजण म्हणाला, "त्यांना लालपण आवडत नाही." मी तीनपर्यंत मोजलं. बोटाने पुसलेल्या जागीही मुंग्या भांबावल्या तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग चष्मावाली म्हणाली, "तिथे काहीतरी होतं, ते आपण पुसलं."

"काय होतं?" एवढंच फळ्यावर लिहून घंटा झाली. उद्या तिथूनच.