ए.पी. न घेता कॉलेजचा अर्ज: अमेरिकेतील मराठी पालकांचे आणि विद्यार्थ्यांचे अनुभव

अमेरिकेतील मराठी घरांत मूल नववीत गेले की ए.पी. (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) या प्रगत विषयांचा हिशेब सुरू होतो. ज्या हायस्कुलांत असे पंधरा-वीस विषय शिकवले जातात, तिथल्या मुलांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे हा धागा त्यांच्यासाठी नाही. लहान गावातील किंवा निधीची चणचण असलेल्या शाळेत शिकलेल्या, आणि तिथे जे मोजके ए.पी. किंवा ऑनर्स (नेहमीपेक्षा कठीण) वर्ग होते तेही काही कारणाने न घेतलेल्या मुलांनी कॉलेजचे अर्ज कसे केले, हे इथे लिहावे. नुकतेच देशातून आलेल्यांसाठी एवढेच सांगतो की, ए.पी. हा कॉलेज बोर्डाने आखलेला, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यासक्रम असून त्याची परीक्षा मे महिन्यात होते आणि तिला १ ते ५ असे गुण मिळतात. शाळेचे नाव टाळावे, राज्य मात्र अवश्य सांगावे, कारण या बाबतीतले नियम राज्यागणिक बदलतात.

मुलीची आई, सेंट्रल व्हॅली, कॅलिफोर्निया

आमच्या गावच्या हायस्कुलात ए.पी. कॅल्क्युलस होते, पण ते ‘झिरो पीरियड’ला, म्हणजे नेहमीची शाळा भरण्याआधी, आणि त्या वेळेला शाळेची बस नसे. आम्ही दोघेही पहाटे कामावर निघत असल्यामुळे तिला पोहोचवणार कोण, हा प्रश्न अखेरपर्यंत सुटला नाही. ए.पी. इंग्रजीच्या शिक्षिका वर्षाच्या मध्यात नोकरी सोडून गेल्या आणि उरलेले महिने बदली शिक्षकांवर निभावले गेले, ते पाहून मुलीने पुढच्या वर्षी तो विषय घेतलाच नाही.

अर्जाच्या वेळी या दोन्ही गोष्टींची किंमत कळली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया २०२१पासून प्रवेशासाठी एस.ए.टी. या प्रवेशपरीक्षेचे गुण पाहतच नाही, त्यामुळे एका उत्तम स्कोअरवर बाकीची उणीव भरून काढण्याची वाट इथे बंद आहे. त्यांच्या जी.पी.ए.मध्ये (सर्व विषयांच्या ग्रेडच्या सरासरीत) ए.पी. आणि ऑनर्सच्या वाढीव गुणांना आठ सेमिस्टरांची मर्यादा असते, हे ऐकून आधी बरे वाटले होते, पण आमच्याकडे त्या मर्यादेच्या जवळपास जाण्याइतकेही काही नव्हते. हायस्कुलात असतानाच कम्युनिटी कॉलेजमध्ये, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सार्वजनिक कॉलेजात घेतलेला, यू.सी.ला चालणारा विषयही त्या वाढीव गुणांस पात्र असतो, हे आम्हाला तिच्या बारावीत समजले. तिला हव्या असलेल्या कॅम्पसांकडून नकार आले.

मग ती कम्युनिटी कॉलेजला गेली. पुण्यातल्या नातेवाइकांना हे सांगताना आमचीच जीभ जड व्हायची, पण राज्यातली ही सोय इतकी विचारपूर्वक बांधलेली आहे की, आता मी ती सर्वांना समजावून सांगत असते. यू.सी.चे सहा कॅम्पस (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सॅन्टा बार्बरा आणि सॅन्टा क्रूझ) ठरावीक विषय आणि ठरावीक जी.पी.ए. पूर्ण करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला तिथून विद्यापीठात बदली प्रवेशाची लेखी हमी देतात. ही हमी एकाच कॅम्पसकडे मागता येते, तिचा अर्ज सप्टेंबरमध्ये करावा लागतो, आणि अभियांत्रिकी व संगणकशास्त्रातील बरीच मेजर (पदवीचे मुख्य विषय) तिच्यातून वगळलेली असतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या हमीत नाहीत. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कुठे धरला जातो, हे ‘असिस्ट’ या राज्याच्या संकेतस्थळावर दिसते. त्याची छापील प्रत आमच्या फ्रिजवर दोन वर्षे लावलेली होती आणि झालेल्या विषयावर मुलगी लाल पेनाने रेघ ओढायची. ती पर्यावरणशास्त्रासाठी डेव्हिसला गेली. तिथे पोहोचल्यावर तिने हायस्कुलात काय घेतले नव्हते, हे तिला कोणीही विचारले नाही.

मुलाचे वडील, टेक्सास

आमचा अनुभव जवळजवळ उलटा आहे. १९९७च्या कायद्यानुसार टेक्सासमध्ये आपल्या हायस्कुलात पहिल्या दहा टक्क्यांत असलेल्या विद्यार्थ्याला राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठापुरती ही मर्यादा बरीच अधिक कडक आहे. हा क्रमांक ज्याच्या त्याच्या शाळेपुरता लागतो, त्यामुळे ज्या शाळेत ए.पी. घेणारेच थोडे आहेत, तिथे साध्या वर्गात सातत्याने ‘ए’ मिळवणारा मुलगाही वर राहू शकतो. आमचा मुलगा दुपारनंतर दुकानात काम करत असल्यामुळे त्याने ए.पी. घेतले नव्हते, तरी क्रमांकाने त्याला तारले.

यात एक मेख आहे आणि ती पालकांच्या लक्षात येत नाही. प्रवेशपरीक्षेत ठरावीक गुण नसतील, तर या प्रवेशासाठी हायस्कुल डिप्लोमाची ‘डिस्टिंग्विश्ड’ पातळी गाठावी लागते, आणि तिच्यात गणिताच्या चार क्रेडिटांबरोबर अल्जिब्रा-२ सक्तीचे आहे. सोपे पडते म्हणून कोणी दुसरेच गणित घेऊन मोकळा झाला, तर क्रमांक कितीही वर असला तरी त्याचा उपयोग होईलच असे नाही. शिवाय आपोआप मिळतो तो विद्यापीठातला प्रवेश. मागितलेले मेजर मिळेलच असे नाही.

गणिताच्या शिक्षिका, सार्वजनिक हायस्कूल, न्यू जर्सी

या प्रक्रियेची दुसरी बाजू मी रोज पाहते, म्हणून लिहिते. कॉमन ॲपमधून (अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवण्याच्या ऑनलाइन सोयीतून) अर्ज केल्यावर ट्रान्सक्रिप्टबरोबर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रिकेबरोबर, शाळेतल्या काउन्सेलरचा (विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शकाचा) एक फॉर्म आणि ‘स्कूल प्रोफाइल’ जाते. प्रोफाइलमध्ये शाळेत किती मुले आहेत, किती जण पुढे कॉलेजला जातात आणि कोणते ए.पी. विषय शिकवले जातात, हे असते. फॉर्ममध्ये या विद्यार्थ्याने घेतलेला अभ्यासक्रम इतर मुलांच्या तुलनेत किती कठीण होता, यावर काउन्सेलरला खूण करायची असते. म्हणजे शाळेत तीनच ए.पी. होते म्हणून तीन घेतले, हे वाचणाऱ्याला समजते; आणि तीन असताना एकही घेतला नाही, हेही तितकेच समजते. ‘शाळाच तशी होती’ हे उत्तर पहिल्या मुलाला पुरते, दुसऱ्याला पुरत नाही. त्याने कारण सांगितले पाहिजे, आणि झेपते याचा पुरावा दुसरीकडून आणला पाहिजे.

कारण काउन्सेलरच्या पत्रात आले तर त्याला वजन येते. एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत अशी त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. पुष्कळ शाळांत त्याहून अधिक असतात, आणि अशा वेळी बसचा किंवा नोकरीचा प्रश्न त्यांना ठाऊक असणे शक्यच नसते. अकरावीच्या अखेरीस एक पानभर मजकूर लिहून त्यांना नेऊन द्यावा.

विद्यार्थी, फ्लोरिडा, सध्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात

मी दहावीत साताऱ्याहून इथे आलो. माझ्या गुणपत्रिकेचे काय करायचे, हे शाळेला कळेना, म्हणून मला अल्जिब्रा-१मध्ये बसवले, जे मी आठवीतच शिकलो होतो. या गणिताच्या शिडीवर एक पायरी खाली बसवले की बारावीपर्यंत कॅल्क्युलस हाती लागत नाही, आणि अभियांत्रिकीच्या अर्जात तीच गोष्ट पहिली डोळ्यांत भरते. ‘फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल’ राज्यातील विद्यार्थ्यांना विनामूल्य आहे आणि तिथे ए.पी. विषयही आहेत, हे मला ग्रंथपालांकडून कळले. प्री-कॅल्क्युलस मी उन्हाळ्यात तिथून केले आणि बारावीत ए.पी. कॅल्क्युलस घेतले. शाळेने आधी क्रेडिट द्यायला का-कू केली, तेव्हा काकांनी जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज दिला.

अर्जाच्या निबंधात मी यातले काही लिहिले नाही. अतिरिक्त माहितीच्या रकान्यात चार वाक्ये लिहिली: कधी आलो, कुठे बसवले, पुढे काय केले, किती गुण मिळाले.

मुलीचे वडील, ओहायो

आमच्याकडे ‘कॉलेज क्रेडिट प्लस’ या योजनेत सातवीपासून बारावीपर्यंतची मुले सार्वजनिक कॉलेजचे विषय मोफत घेऊ शकतात, त्यामुळे हायस्कुलात ए.पी. नसल्याची हळहळ निम्मी कमी होते. मात्र तिथे मिळालेला ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचा राहतो. सोळाव्या वर्षी रसायनशास्त्रात मिळालेला ‘सी’ पुढे मेडिकलच्या अर्जातही दिसतो, हे ध्यानात ठेवूनच विषय निवडावा.

मुलाची आई, ग्रामीण पेनसिल्व्हेनिया

वरच्या शिक्षिकाबाईंशी मी सहमत आहे, पण पुरावा आणायचा कुठून, हा आमच्यासारख्यांचा खरा प्रश्न असतो. जवळ कम्युनिटी कॉलेज नव्हते. एम.आय.टी.ने २०२२मध्ये एस.ए.टी. पुन्हा सक्तीची केली, तेव्हा प्रगत विषय नसलेल्या शाळांतील तयार मुले ओळखायला या गुणांची मदत होते, असे कारण दिले होते. ते वाचून आम्हीही एस.ए.टी. गांभीर्याने घ्यायचे ठरवले. खान अकॅडमीवरचा सराव फुकट आहे आणि मुलाने क्लास न लावता तोच केला.

दुसरे म्हणजे, ए.पी.ची परीक्षा द्यायला त्या विषयाच्या वर्गात बसलेले असण्याची अट नाही. मुलाने सांख्यिकीचा अभ्यास घरी केला आणि परीक्षा शेजारच्या जिल्ह्यातील शाळेत दिली. बाहेरचा परीक्षार्थी घ्यायचा की नाही, हे प्रत्येक शाळा आपले आपण ठरवते. दोन शाळांनी नाही म्हटले, तिसरीने घेतले. नोंदणी नोव्हेंबरात संपते, तेव्हा ज्यांची मुले आता अकरावीत आहेत त्यांनी सप्टेंबरमध्येच आसपासच्या शाळांच्या ए.पी. समन्वयकांना फोन करायला सुरुवात करावी.