मदत हवी आहे: संगीताच्या आवडीची प्रश्नावली, अल्फा ०.४१ येतोय!!

रंकाळ्याची_हवा:
शुक्रवारी गाइडना दाखवायचंय, प्लीज लवकर सांगा. स्टॉम्पचं मराठी केलं, फॉर्म भरून घेतले, एसपीएसएसमध्ये (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) टाकलं तर क्रोनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा, ०.४१. कुठले आयटम (प्रश्न) उडवले की ०.७ च्या वर जाईल?

बेरीज_वजाबाकी:
कशाचा अल्फा? सगळ्या आयटमचा मिळून? किती जण, कुठले, वयं काय?

हलगी_घुमतीय:
स्टॉम्प म्हंजे काय ते तरी सांगा की. मला वाटलं डॉल्बीम्होरं पाय आपटायची स्पर्धा हाय.

रंकाळ्याची_हवा:
रेंटफ्रो आणि गॉसलिंग या मानसशास्त्रज्ञांची प्रश्नावली, २००३. संगीताचे १४ प्रकार, प्रत्येकाला १ ते ७ गुण. हो, सगळ्यांचा मिळून. तसंच काढतात ना?

बेरीज_वजाबाकी:
नाही. त्यात चार वेगळे घटक आहेत. शास्त्रीय, जॅझ, ब्लूज, लोकसंगीत एका गठ्ठ्यात. रॉक, हेवी मेटल दुसऱ्यात. भीमपलास आवडणाऱ्याला मेटलही आवडलं पाहिजे असा हट्ट धरलात तर अल्फा पडणारच. घटकागणिक काढा, काही उडवू नका. 'कंट्री'चं मराठी काय केलंत?

रंकाळ्याची_हवा:
ग्रामीण गाणी.

हलगी_घुमतीय:
म्हंजे आमची लावणी गेली अमेरिकेतल्या गुराख्यांच्या खात्यात. नाद खुळा!

मैफलीतला_मागचा:
मुळात प्रकारांची नावं विचारणंच चूक. यादीतलं 'साउंडट्रॅक' आपल्याकडं कशाला म्हणायचं? अभंग, लावणी, गझल, सगळंच सिनेमात आहे. रेंटफ्रोंनीच २०११ साली गोल्डबर्ग आणि लेव्हिटिनबरोबर गाण्यांचे तुकडे ऐकवून पाच घटक काढले. तुम्हीही ऐकवा.

बेरीज_वजाबाकी:
शुक्रवारपर्यंत? आणि तेही पंधरा सेकंदांचे तुकडे. ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात राहून पंधरा सेकंदांत ख्याल आवडला का विचारणार?

मैफलीतला_मागचा:
'सा' लागला की कळतं हो. तुम्हाला अर्धा तास लागत असेल.

शाहूपुरीची_काकू:
मुलगा बारावीला आहे. अभ्यासाला बसताना कुठला राग लावावा?

हलगी_घुमतीय:
आवड इचारायची कशाला, कोण काय ऐकतंय ते मोबाइलात बघा! आमचं मामा 'मला फकस्त भजन' म्हणत्यात आणि ट्रॅक्टरवर दिवसभर उडती गाणी.

बेरीज_वजाबाकी:
ते ऐकणं झालं, आवड नव्हे. ट्रॅक्टरवर भजन ऐकूच येणार नाही. ताई, नमुना किती ते अजून सांगितलं नाहीत.

रंकाळ्याची_हवा:
७१. निम्मे आमच्या गल्लीतल्या तालमीची पोरं, वर्गणीला आली तेव्हा भरून घेतले. बाकी आजोबांच्या भजनी मंडळातले. हे महत्त्वाचं आहे का?

बेरीज_वजाबाकी:
पहिल्याच ओळीत हवं होतं! यादीतलं 'धार्मिक' संगीत म्हटल्यावर पोरांच्या कानात डॉल्बीवरची आरती वाजली, मंडळींच्या कानात तुकोबा. दोन्ही गट वेगळे काढून बघा. आणि ब्लूजला कुणी काय दिलंय?

रंकाळ्याची_हवा:
अय्यो. ५८ जणांनी ४.

बेरीज_वजाबाकी:
४ हा मधला आकडा, म्हणजे 'ठाऊक नाही'. 'कधी ऐकलं नाही' असा वेगळा रकाना हवा होता. आता याला पायलट (आधीची चाचणी) म्हणा, आपल्याकडचे प्रकार घालून यादी नव्यानं करा.

शाहूपुरीची_काकू:
मग राग कुठला?

रंकाळ्याची_हवा:
पण भाषांतर गाइडनीच तपासलं होतं. 'ग्रामीण गाणी' त्यांनीच सुचवलेलं. आता त्यांना कसं सांगू?

हलगी_घुमतीय:
शनिवारी सांगा.