कुंडीतली चिलटं: औषध पानांवर नको, मातीत हवं
एकीने विचारलंय की कडुनिंबाचं तेल पानांवर फवारूनही कुंडीतली चिलटं का जात नाहीत. कारण त्यांच्या अळ्या पानांवर नसतातच. वरच्या दोन-तीन इंच ओल्या मातीत त्या बुरशी आणि कोवळी मुळं खात असतात. मी बीटीआय पाण्यात कालवून घालते. बीटीआय म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात डबक्यात सापडलेला जिवाणू. अळीने तो गिळला की तिच्या अल्कधर्मी आतड्यात त्याचं स्फटिकरूप प्रथिन विरघळतं आणि आतड्याच्या पेशी फुटतात. मधमाशा, गांडुळं, मासे यांना त्याचा त्रास नाही. माझ्यासाठी हेच मोठं आहे, कारण कुंड्यांतली गांडुळं मी फार जपते.

उडणारी चिलटं, अंडी आणि कोष यांवर मात्र त्याचा उपयोग नाही. म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा घाला. आणि दोन पाण्यांमध्ये माती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) वरून नीट सुकू द्या, नाहीतर सगळी मेहनत वाया.

डासांच्या अळ्यांवरही बीटीआय चालतं. टाकीत, हौदात गप्पी मासे उत्तम; पण ते नदी-तळ्यात कृपया सोडू नका, तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतात.