फुटपाथवरच्या माणसाला आधी खोली द्यायची की आधी सुधारायचं?

मृण्मयी_कसबा:
पुण्यात रात्री ससून रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर झोपलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. उशाला प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात आधार कार्ड आणि केसपेपर. पिशवी चोरीला गेली की सगळं पहिल्यापासून. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाचा निकष लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा असा होता. २०११च्या जनगणनेत मनपा हद्दीत ३१ लाख लोक होते, म्हणजे तेव्हाच ३१ निवारे हवे होते. पण निवाऱ्यात खाट मिळते, घर नाही. फिनलंडने २००८पासून क्रम बदलला: आधी भाडेकरार आणि किल्ली, मग दारू सोडवणं, औषधं, काम. पुण्यानेही सुरुवात करावी.

अविनाश_धनकवडी:
साफ अमान्य. गावाकडून आलेली पोरं नारायण पेठेत कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं राहतात. वॉचमन बारा तास उभा राहून जनता वसाहतीच्या झोपडपट्टीत भाडं भरतो. त्याला काय सांगायचं, रस्त्यावर झोपला असतास तर खोली मिळाली असती?

प्रसाद_औंध:
कॅनडाने २००९पासून पाच शहरांत हाच प्रयोग केला. घरं टिकली, पण व्यसनं इतरांपेक्षा काही जास्त सुटली नाहीत. मग सुधारणा ती कोणती?

मृण्मयी_कसबा:
घर टिकलं हीच. सोसायटीतला माणूस पितो म्हणून आपण त्याचा फ्लॅट काढून घेतो का? अविनाशदादा, वॉचमनलाही परवडणारं भाड्याचं घर मिळायलाच हवं. त्यासाठी २०२०मध्ये केंद्राने योजना आणलीच होती, रिकामी सरकारी घरं स्थलांतरित कामगारांना भाड्याने द्यायची. तीही मागा, मी सोबत आहे.

सुनंदा_कर्वेनगर:
मी मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स होते. बाई बरी होते, गोळ्या वेळेवर घेते, पण न्यायला कुणी येत नाही. भाऊ फोन उचलत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १९ सांगतं की केवळ घर नाही म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवायचं नाही, सरकारने वस्तीत राहायची सोय करायची. चेन्नईच्या 'बनियन' संस्थेने हे करून दाखवलंय: साध्या वस्तीतलं भाड्याचं घर, त्यात चार-पाच जणी आणि मदतीला एक बाई. बाजार, स्वयंपाक, भांडणं, सगळं त्यांचं त्या बघतात. पुण्यात सुरुवात ह्यांच्यापासून करा.

अविनाश_धनकवडी:
सुनंदाताई, ह्यांच्यासाठी माझी ना नाही. पण घर देणार कोण? इथे एकट्या मुलीला खोली देतानाही घरमालक शंभर प्रश्न विचारतात. आणि मनपा बांधायला गेली तर शहराबाहेर बांधेल. हमाली मार्केट यार्डात, माणूस राहणार कुठल्या कुठे.

मृण्मयी_कसबा:
म्हणून बांधूच नका, भाड्याने घ्या. करार मनपाच्या नावावर, भाडं मनपाकडून, आणि शेजाऱ्यांना रात्री-अपरात्री फोन करता येईल असा एक कार्यकर्ता.

अविनाश_धनकवडी:
कार्यकर्ता ठेक्यावरचाच असणार ना? ठेका संपला, नवी संस्था आली, मधले तीन महिने भाडं थकलं, तर त्या चौघी पुन्हा रस्त्यावर. पाच वर्षांचं भाडं अंदाजपत्रकात वेगळं काढून ठेवलेलं दिसेपर्यंत माझा विरोध कायम.