अनुभव धागा: जपान आणि फ्रान्समधलं ‘तारांकित’ जेवण

जपान किंवा फ्रान्सची सहल ठरली की हल्ली यादीत एक ओळ हमखास असते: ‘एखादं मिशलिन करायचं’. करायचं म्हणजे नक्की काय, हे मात्र परत आल्यावर कुणी धड सांगत नाही. भल्या मोठ्या ताटात मधोमध चमचाभर काहीतरी, असे फोटो येतात आणि खाली ‘अमेझिंग’. म्हणून हा धागा.

तारे वाटणारे मूळचे टायरवाले. क्लेर्मों-फेराँच्या मिशलिन बंधूंनी १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. लोक लांबलांब फिरले तर टायर झिजणार, हा सरळ व्यापारी हिशेब. उत्तम रेस्टॉरंटांना तारे देणं सुरू झालं १९२६ मध्ये. एक तारा म्हणजे वाटेत असेल तर थांबा, दोन म्हणजे वाट वाकडी करा, तीन म्हणजे तेवढ्यासाठीच प्रवास करा. म्हणजे भानगड मुळात प्रवाशांसाठीचीच. २००७ च्या अखेरीस टोकियोची पहिली यादी आली आणि तिथे पॅरिसपेक्षा जास्त तारे निघाले. त्यावर पॅरिसात काय चर्चा झाली असेल याची कल्पना करा.

लिहिताना एवढंच पाहा: टेबलावर काय घडलं ते लिहा. बिलाचा आकडा चालेल, पण नुसता आकडा नको. अनुभव कडू असेल तर ठिकाणाचं नाव टाळा. शाकाहारी मंडळींनी जरूर लिहा, सगळ्यात जास्त विचारणा त्यांचीच असते.

सुरुवात मी करतो. क्योतो, जुलै, गिओन उत्सवाचे दिवस. काइसेकी, म्हणजे ठरलेल्या क्रमाने लहान लहान पदार्थ येणारं पारंपरिक जेवण, दुपारचं घेतलं, कारण रात्रीपेक्षा बऱ्याच कमी पैशांत तोच स्वयंपाकी आणि तीच भांडी मिळतात. क्योतो समुद्रापासून आत. पूर्वी ऐन उन्हाळ्यात तिथवर जिवंत पोचणारा चिवट मासा म्हणजे हामो, आपल्या वामीचा सख्खा भाऊ. काटे इतके बारीक आणि आडवेतिडवे की काढणं अशक्य, म्हणून ते काढतच नाहीत. कातडं शाबूत ठेवून मांसावर जड सुरीने इतक्या जवळजवळ चिरा देतात की एका इंचात वीसेक बसाव्यात. काउंटरवर बसल्यामुळे तो आवाज ऐकू येत होता, शर्र शर्र, एका लयीत. मग तो तुकडा उकळत्या पाण्यात क्षणभर आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. मांस उलगडून पांढरंशुभ्र फूल होतं. वर उमेचा, म्हणजे आंबट जपानी आलुबुखाराचा, ठिपका. मी मालवणकडचा, वाम काट्यांसकट ओळखतो; पण इथे दाताखाली काटा आहे हे जेमतेम कळतं आणि टोचत मात्र नाही.

त्यानंतर लाखेच्या वाडग्यातलं सूप आलं. झाकण वाफेनं घट्ट बसलेलं असतं. ओढाताण करू नका. वाडग्याची कड दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली की हवा शिरते आणि झाकण सुटतं. शेजारच्या आजींनी हे न बोलता हाताने करून दाखवलं. आतली दाशी, म्हणजे सुपाचं मूळ पाणी: कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि सुकवून किसलेला कात्सुओ मासा, बस्स. रंग जवळजवळ पाण्याचा, चव मात्र भरलेली. मधले तीन-चार पदार्थ देखणे होते, एवढंच म्हणतो. शेवटी भात, लोणचं आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं सूप) आलं तेव्हा पोटाला खरा धीर आला.

आता तुम्ही.

गोदाकाठ

आम्ही पूर्ण शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. त्यामुळे जपानला निघताना घरातली निम्मी बॅग थेपले आणि चिवड्याची होती. वर दाशीचा उल्लेख आहे ना, तोच खरा शत्रू. भाजीत मासा दिसत नाही, पण ज्या पाण्यात ती शिजली त्यात असतो. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच सांगून भागत नाही. ‘माशाची दाशीसुद्धा नको’ असं जपानीत लिहून घेतलेली चिठ्ठी जवळ ठेवा.

आमची सुटका केली शोजिन र्‍योरीने, म्हणजे बौद्ध मठातल्या जेवणाने. क्योतोतल्या आराशियामाला तेन्र्यूजी मंदिराच्या आवारात शिगेत्सु नावाचं भोजनगृह आहे. ताटांची नावं हिम, चंद्र आणि फूल. सगळ्यात साध्या ‘हिम’मध्ये एक सूप आणि पाच पदार्थ. जमिनीवर लाल गालिचा, समोर लाल लाखेची भांडी, पंगतीसारखे ओळीने बसायचे. (गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचारून ठेवा.) बागेचं प्रवेशशुल्क वेगळं पडतं. तारा नाही, पण मिशलिनच्या ‘रास्त दरात उत्तम’ यादीत या जागेचं नाव आलेलं आहे.

कांदा नाही, लसूण नाही. दाशी कोम्बू आणि शिताके अळंब्यांची. तिळाचं गोमा-दोफू आलं. तोफू नावालाच, त्यात सोयाबीन नाहीच. तीळ वाटून कुझू नावाच्या वेलीच्या मुळाच्या सत्त्वात घोटून थापतात. चमच्याला थरथरतं आणि तोंडात जड, तिळाचं तेल सुटतं. सासूबाईंनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग म्हणाल्या, “खरवसाला हे जमलं नसतं.” त्यांच्याकडून एवढी पावती म्हणजे तीन तारे समजा.

निशीकासाईकर

पुण्या-मुंबईचे पाहुणे टोकियोला आले की पहिला प्रश्न ‘जिरोकडे नेशील का?’ सुकियाबाशी जिरो म्हणजे टोकियोच्या गिंझा भागातलं प्रसिद्ध सुशीचं ठिकाण, तळघरात दहाएक खुर्च्या. एप्रिल २०१४ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे ओबामांना तिथेच घेऊन गेले होते. २०१९ च्या अखेरीस मिशलिनने ते यादीतून वगळलं. चव बिघडली म्हणून नव्हे, तर सर्वसामान्य माणसाला तिथे थेट बुकिंगच मिळत नाही म्हणून. तेव्हा तो नाद सोडा. टोकियोत उत्तम सुशी काउंटर भरपूर आहेत आणि दुपारी अर्ध्या पैशांत जेवता येतं. रात्री गिंझात माणशी तीस ते पन्नास हजार येन सहज जातात.

काउंटरवर बऱ्याच ठिकाणी सगळ्यांचं जेवण एकदम सुरू होतं. तुम्ही उशिरा आलात की आठ-दहा माणसं खोळंबतात. अत्तर, परफ्यूम नको. घड्याळ, कडं काढून खिशात ठेवा. काउंटर हिनोकी लाकडाच्या अखंड फळीचा असतो, ओरखडा उठतो. सोयाची वाटी शोधू नका, शेफ ब्रशने लावूनच देतो. हाताने खाल्लेलं चालतं, आपल्याला तर बरंच! आणि समोर ठेवल्या ठेवल्या उचला. भात अंगाइतका कोमट असतो, दोन मिनिटांत तो गेला. माझा मेहुणा प्रत्येक घासाचा फोटो तीन कोनांतून काढत होता. शेफ काही बोलला नाही. पुढचा घास त्याने ताटलीत न ठेवता सरळ मेहुण्याच्या तळहातावर दिला. एका हातात सुशी, दुसऱ्यात फोन. शेवटी फोन खाली गेला.

तोरोचं, म्हणजे ट्यूनाच्या पोटाकडच्या चरबीदार भागाचं, कौतुक सगळेच करतात. ते मासाच चांगला म्हणून. कारागिरी बघायची तर कोहादा मागा. चंदेरी, टिकल्या-टिकल्यांचा छोटा, स्वस्त मासा. मिठात किती वेळ, व्हिनेगरमध्ये किती वेळ, हे त्या दिवशीच्या माशाच्या चरबीवर आणि हवेवर ठरतं. माझ्या मते सगळ्या जेवणाची किंमत त्या एका घासात वसूल होते.

टिप नसते. पण मोठ्या ठिकाणी १० टक्के सेवाशुल्क आणि १० टक्के कर वर लागू शकतो; नुसता मेनूचा आकडा बघून खूष होऊ नका. आयत्या वेळी रद्द केलंत तर बहुतेक ठिकाणी पूर्ण पैसे कापतात.

मांडवीकाठचा

छोटंसं लिहितो. सुशीपेक्षा तेंपुरा काउंटर गाठा. पोर्तुगीजांची जहाजं गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जात, आणि पिठात बुडवून तळण्याची ही पद्धत त्यांनीच तिकडे नेली असं मानतात. टोकियोत तिळाच्या तेलात तळतात. कोळंबीचं डोकं वेगळं, कुरकुरीत तळून देतात. आमच्याकडे डोकी कढीत जातात, त्यामुळे तो शेफ मला लगेच आपला वाटला. दर घासानंतर तो तेलाचा आवाज ऐकत उभा राहायचा. बुडबुडे बारीक झाले की बाहेर. पंखा नाही, वास नाही, कपड्याला तेल नाही. कसं करतात कोण जाणे.

धागाकर्ता

मध्ये दोघांनी विचारलं की मुलांना नेता येतं का. टोकियोतली बरीच काउंटरं लहान मुलांना घेत नाहीत, वयाची अट आधी वाचा. आणि तातामीच्या, म्हणजे चटयांची जमीन असलेल्या, खोलीत बूट काढावे लागतात, तेव्हा मोजे धड घाला. आता फ्रान्सकडे वळू या.

तांबडा रस्सा

नोकरीनिमित्त लियाँला होतो. बाबा कोल्हापूरहून आले तेव्हा त्यांना कोलोंजला नामवंत शेफ पॉल बोक्यूज यांच्या रेस्टॉरंटमध्ये नेलं. शहराबाहेर सोन नदीच्या काठावर, बाहेरून हिरवा-लाल रंगवलेला वाडा, तमाशाच्या तंबूला लाजवेल असा. बोक्यूज २०१८ च्या जानेवारीत गेले. १९६५ पासूनचे तीन तारे २०२० मध्ये दोनावर आले, तेव्हा फ्रान्समध्ये सुतक पडल्यासारखी चर्चा झाली. मला विचाराल तर जेवण जुन्या वळणाचं आहे, आणि त्यासाठीच जावं.

त्यांचं प्रसिद्ध सूप १९७५ चं, राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांच्या मेजवानीसाठी केलेलं. वाडग्यावर पापुद्र्यांच्या पिठाचं फुगलेलं, तांबूस घुमट. चमच्याच्या पाठीने टकटक करून फोडायचा. फुटला की आतून काळ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुवासिक अळंबीचा, वास असा उसळतो की पलीकडच्या टेबलानं वळून पाहिलं. बाबांनी थोडा वेळ विचार केला आणि पापुद्रे चुरून रश्शात टाकले, पाव चुरतात तसे. मी वेटरकडे बघितलं. तो गृहस्थ खाली वाकून म्हणाला की मोठे साहेबही असंच खायचे. खरं-खोटं देव जाणे, बाबा त्या दिवसापासून ‘आमचे बोक्यूज’ म्हणतात.

चीजचा गाडा गोडाच्या आधी येतो. तिथे थांबा, घाई करू नका, सां-मार्सलाँ मागा. आणि एक भर: बोक्यूज ज्यांच्या हाताखाली शिकले त्या युजेनी ब्राझिए यांना १९३३ मध्ये दोन रेस्टॉरंटांसाठी मिळून सहा तारे मिळाले होते. लियाँची थोरवी ‘मेर’ (आई) म्हणवणाऱ्या अशा बायकांनी उभी केली, नावं नंतर पुरुषांची झाली.

अर्धं तिकीट

माझी तक्रार आहे. पॅरिसचं एक जुनं, नामांकित ठिकाण. नवऱ्याच्या पन्नाशीसाठी बुकिंग मी केलेलं, माझ्या नावावर, कार्डही माझं. मेनू आले. त्याच्या मेनूत किमती, माझ्यात नाहीत! यजमान पुरुषच असणार, पाहुणीला किंमत दिसू नये, ही तिथली जुनी सभ्यता. नवरा एकेक आकडा वाचून घामाघूम, मी निवांत लॉबस्टर निवडतेय. मग मेनूंची अदलाबदल केली. वेटरने माफी मागितली, पण बिल शेवटी त्याच्याच पुढ्यात ठेवलं.

तुमच्या उपयोगाचं: फ्रान्समध्ये सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं, टिप ऐच्छिक. बाटलीबंद पाणी नको असेल तर ‘कराफ दो’ मागा, जेवणाबरोबर साधं पाणी फुकट द्यावंच लागतं. तिथे ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, अमेरिकेतल्यासारखा मुख्य नव्हे.

अंडं चालतं

शाकाहाऱ्यांना फ्रान्समध्ये उपाशी राहावं लागतं असं वर कुणी लिहायच्या आत मी लिहितो. पॅरिसमध्ये रोदँ संग्रहालयासमोर आलँ पासार यांचं लार्पेज हे रेस्टॉरंट. १९९६ मध्ये तीन तारे, आणि २००१ मध्ये या माणसाने लाल मांस मेनूतून काढून टाकलं. मांस भाजण्यात नाव कमावलेल्या माणसाने! भाज्या त्यांच्या स्वतःच्या मळ्यांतून येतात. मी गेलो तेव्हा त्यांचं ते अंडं मिळालं होतं: टवका अगदी सरळ उडवलेलं कवच, तळाशी कोमट पिवळा बलक, वर गार साय, शेरी व्हिनेगर आणि मेपलचा पाक. वरून खाल्लं तर नुसती साय लागते. चमचा तळापर्यंत नेऊन वर काढायचा, म्हणजे गार-गरम, आंबट-गोड एकदम. दोन मिनिटांत संपलं.

आता ते नाही. जुलै २०२५ पासून तिथे दूध, अंडी, मासे सगळं बंद, प्राणिजन्य फक्त मध, तोही त्यांच्याच मधमाश्यांचा. दर मात्र उतरले नाहीत. गाजर-बीटासाठी एवढे पैसे का, असं आमच्या आईने विचारलंच. मी म्हणतो, आपण लग्नात पनीरला देतोच की.

दोन्हीकडचा

जपान की फ्रान्स असा वाद घालू नका, दोघे केव्हाच एकमेकांत मिसळलेत. नागानोचे केई कोबायाशी फ्रान्समध्ये शिकले, पॅरिसमध्ये रेस्टॉरंट थाटलं, आणि २०२० मध्ये फ्रान्समध्ये तीन तारे मिळवणारे पहिले जपानी शेफ ठरले. त्यांचं कच्च्या कुरकुरीत भाज्यांचं ताट घ्या: वर लिंबाचा फेस, खाली रॉकेट नावाच्या तिखटसर पालेभाजीचं फेसाळ मूस, काळ्या ऑलिव्हचा चुरा, मध्ये धुरी दिलेला सामन मासा. दिसायला बाग, पण जपून खायचं नाही, सगळं कालवून खायचं. कालवणं आपल्या रक्तातच आहे.

उलट टोकियोत लेफेर्व्हेसाँस हे फ्रेंच वळणाचं रेस्टॉरंट. शिनोबू नामाए यांचं. तिथला ठरलेला पदार्थ म्हणजे एक सलगम, सावकाश कित्येक तास शिजवून मग कापलेली बाजू लोण्यात लालसर केलेली. सुरी लावली की रस ताटभर. मांसाहारी माणूस मी, पण त्या जेवणातलं मला तेच आठवतं.

गोदाकाठ

जैन कुटुंबासाठी टोकियोत काय, असं खाली विचारलंय म्हणून परत येते. आतागो टेकडीजवळ दाइगो नावाचं शोजिन जेवणाचं ठिकाण आहे, मिशलिनचे तारे मिळालेलं. खाजगी खोल्या, बाहेर बाग. कंदमुळं चालत नाहीत हे बुकिंग करतानाच हॉटेलच्या स्वागतकक्षाकडून जपानीत कळवा, कारण कमळकाकडी आणि रताळं त्यांच्याकडे हमखास असतं. जागेवर बसल्यावर सांगितलंत तर तेवढे पदार्थ वगळले जातील, बदलून मिळतीलच असं नाही.