बालाघाटाच्या डोंगरांतून तीन दिवस सायकल: टायर, गिअर, सामान याबद्दल सल्ला हवा

कडबा

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण जानेवारीत लातूरहून निघून अंबाजोगाई, धारूर, कपिलधार, पाटोदा, सौताडा, भूम, येडशी, तुळजापूर, औसा असं फिरून परत लातूरला यायचं म्हणतोय. चारशे किमीच्या थोडं वर, मुक्काम दोन. मागे गाडी नाही, ज्याचं सामान त्याच्याच सायकलवर. रस्ता मुद्दाम मिसळ ठेवलाय: निम्मं डांबर, बाकी मुरुमाचे गाडीरस्ते आणि पाणंद, म्हणजे शेतांमधली वाट.

माझं वय ४१. २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी) दोनदा साडेतेरा तासांच्या आत केली आहे, पण ती सगळी डांबरावर आणि पाठीवर काही नसताना. सायकल साधी हायब्रिड (रस्त्याची आणि डोंगरातली यांच्या मधली), पुढे तीन, मागे आठ गिअर, टायर ३५ मिमी रुंदीचे. खर्चाला दहा हजार आहेत, त्याच्या वर घरात विषय काढता येणार नाही. आधी काय घेऊ? बॅगा बघायला गेलो तर त्यातच दहा संपतायत.

गंजलेली चेन

बॅगा सगळ्यात शेवटी. आधी टायर, मग मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच.

फ्रेममध्ये बसत असतील तर ४० किंवा ४२ चे टायर घ्या. बसतात का हे बघायला टायर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत ६ मिमीची अॅलन की घालून चाक फिरवा. अडली तर तो टायर नको, कारण चिखल लागला की ती फट अजून कमी होते. आणि पूर्ण लांबीचे मडगार्ड असतील तर घरी काढून ठेवा.

हायब्रिडची रिम बहुतेक ट्यूबलेसची नसते, त्या भानगडीत पडू नका. तुमच्या ट्यूबला मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर आतली सुई काढून साठ-सत्तर मिली सीलंट (भोक बुजवणारं द्रव) ट्यूबमध्येच ओता. बारीक काट्यांची भोकं तो स्वतः बुजवतो. जाड व्हॉल्व्हचा दुसरा फायदा म्हणजे कुठल्याही गावच्या पंक्चरवाल्याकडे हवा मिळते. बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळी अॅडॉप्टर खिशात हवाच. फक्त हवा भरताना कॉम्प्रेसरपाशी स्वतः उभे राहा. पंक्चरवाला सवयीनं ट्रॅक्टरसारखी हवा मारतो.

कॅसेट ११-३४ ची घ्या (सगळ्यात लहान चकतीला ११ दात, मोठीला ३४), पुढची सगळ्यात लहान चकती २८ दातांची असली की भागलं. बालाघाटातले चढ सह्याद्रीसारखे तासभर चालत नाहीत, पण एक संपला की ओढ्यात उतरायचं आणि लगेच दुसरा. सामान लादलेलं असताना तिसऱ्या दिवशी गुडघा वाचवतो तो हलका गिअर.

माळरान

एवढी उठाठेव कशाला? सगळा रस्ता डांबरीच करा की. आता तिकडे चांगले रस्ते झालेत.

गंजलेली चेन

माळरान, चांगल्या रस्त्यावर जानेवारीत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. कितीएकांना मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि समोरचं गाणं इतकं मोठं की तुमची घंटी देवाला. अंधारात त्या रस्त्यावर असण्यापेक्षा पाणंद बरी. उलट कडबा यांना सांगेन, डांबराचे टप्पे दिवसाउजेडी उरकतील असाच आराखडा करा.

वाफसा

कडबा भाऊ, टायर-बियरचं आपल्याला कळत न्हाई. मी केज तालुक्यातला, रानाचं सांगतो.

तुम्ही म्हणाल जानेवारीत कुठला चिखल. अवकाळी आला तर येतोच, पण न आला तरी चिखल हाय. शेतीची लाईट बऱ्याचदा रातची असती. माणूस रातभर ऊस न् गहू भिजवतो, पाट फुटला की पाणी पाणंदीत. सकाळी सातला तुम्ही तिथं. काळी माती वरून वाळल्यावानी दिसती, आत लोणी. दहा फुटात चाक जाम. सायकल ढकलता पण येत न्हाई, उचलावी लागती, आन् चिखलासकट ती दुप्पट जड.

म्हणून काळ्या रानात शिरायच्या आधी खाली उतरून मूठभर माती दाबायची. लाडू झाला न् बोटानं फोडल्यावर भुगा झाला तर वाफसा हाय, म्हंजी ओल बेताची, जावा. चिकटून राहिला तर माघारी फिरा, पाच किमीचा वळसा पडला तरी फिरा. माळावरच्या मुरुमाला ही भानगड न्हाई, तिथं पाणी थांबतच न्हाई. तुमच्या नकाशात माळावरून जाणारे रस्ते जास्त घ्या, ओढ्याकाठचे कमी.

दुसरं म्हणजे धसकटं. तूर काढल्यावर बुडखा उभा राहतो, तिरपा कापलेला. काटा ट्यूबला भोक पाडतो, धसकट टायरची बगल फाडतं. ती पंक्चरच्या ठिगळानं जात न्हाई.

आन् नकाशात रस्ता दिसला म्हणून तिथं रस्ता असंलच असं न्हाई. कित्येक पाणंदी नांगरून टाकल्यात. मोबाईलमध्ये रस्ता, समोर तूर. तवा भांडत बसू नका, बांधावरच्या माणसाला इचारा, तो पोरगं संगं देईल.

गंजलेली चेन

बगलेचं अगदी खरं. जुन्या टायरचा बोटभर तुकडा कापून सोबत ठेवा, फाटलेल्या जागी आतून लावला की मुक्कामापर्यंत जाता येतं. लाडूची परीक्षा मी वीस वर्षांत ऐकली नव्हती, वाचनखूण साठवली.

शेंगदाणा चटणी

मी आणि मैत्रीण दोघींनी याच भागात दोन दिवसांची फेरी केली होती, त्यावरून थोडं.

तंबू नेऊ नका. त्या दोन-अडीच किलोंसाठी पुढचं सगळं गणित बिघडतं. देवस्थानांची भक्तनिवासं आहेत, तालुक्याला लॉज आहेत. पांघरूण मात्र न्या. मराठवाडा म्हणजे ऊन एवढंच डोक्यात असतं, पण जानेवारीच्या पहाटे परभणीत पारा एक आकडी होतो आणि माळावर वारं असतं. पातळ विंडचीटर आणि कानटोपी पुरते.

तुळजापूरचा मुक्काम आधी पंचांग बघून ठरवा. पौषात शाकंभरी नवरात्र असतं, त्या दिवसांत ऐनवेळी खोली मिळणं अवघड. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमाही टाळा.

येडशी रामलिंग हे अभयारण्य आहे, पाटोद्याकडे नायगावचं मयूर अभयारण्यही. आतल्या वाटांवर सायकल घालायची असेल तर आधी वनखात्याला विचारा, नाहीतर बाहेरच्या रस्त्यानं जा. अंधार पडल्यावर तिथून जाऊच नका.

कुत्र्यांचं म्हणाल तर वस्तीवरची कुत्री सायकलच्या मागे धावतात, उतरून चालणाऱ्याच्या मागे सहसा नाही. पळवण्यापेक्षा उतरा, सायकल मध्ये धरा, मालकाला हाक मारा.

बॅगांसाठी पैसे नसतील तर कॅरिअरवर ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी) आणि दोन चांगले पट्टे. हत्यारं, ट्यूब, पॉवरबँक असं जड ते फ्रेमच्या त्रिकोणात, खाली. हँडलवर फक्त पांघरूण. आणि एक राहिलं, नवीन सीट किंवा नवीन पॅडची चड्डी त्या आठवड्यात घेऊ नका. का ते विचारू नका.

माळरान

अवांतर: कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेला लोक लांबून पायी येतात. म्हातारी माणसं, पायात साधी चप्पल. आपण कॅसेटवर चर्चा करतोय.

वाफसा

त्यांच्या चपलेला गिअर नसतात म्हणून काटे मोडत न्हाईत व्हय?

कडबा

सर्वांचे आभार. गेल्या शनिवारी-रविवारी सगळं लादून तालीम केली: लातूर, अंबाजोगाई, धारूरचा घाट आणि परत. टायर ४० चे, कॅसेट ११-३४. चढाला तक्रार नाही, धारूरला न उतरता चढलो.

फजिती पंक्चरवर झाली. एकाच चाकात तासाभरात तीन. सीलंट घालायचा आळस केला होता, तो भोवला. पण खरी चूक वेगळीच. प्रत्येक वेळी ट्यूब बदलली, टायर आतून चाचपला नाही. बाभळीच्या काट्याचं टोक आतच मोडून राहिलं होतं, ते नवीन ट्यूबला टोचत होतं. तिसऱ्यांदा केजच्या अलीकडे एका पोरानं ओढणीचं फडकं टायरच्या आतून फिरवलं, जिथं अडकलं तिथं काटा. चिमट्यानं काढला. आता फडकं आणि चिमटा हत्यारांच्या पिशवीत गेलेत.

दुसरं, पहिल्या दिवशी पाणी ताशी अर्ध्या लिटरनं पीत होतो तरी दुपारी पोटऱ्या वळल्या. नुसतं पाणी पीत होतो, मीठ काहीच नाही. दुसऱ्या दिवशी एका बाटलीत ओआरएस, दुसरीत साधं पाणी. आणि भूक लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला गूळ-शेंगदाणे किंवा केळं. तो दिवस बरा गेला.

तिसरं, कॅरिअरच्या बोल्टला नायलॉनचा नट नव्हता. मुरुमावर हादरून एक बोल्ट गळून पडला, सामान सुतळीनं बांधून आणलं.

खर्च आठ हजार सातशे. राहिलेल्यातून पुढे-मागे दिवे घेतोय. आता एकच प्रश्न: शिदोरी घरून न्यायची आहे. बायको म्हणते धपाटे, आई म्हणते दशम्या. तीन दिवस टिकायला हवं.

शेंगदाणा चटणी

दुधातल्या दशम्या, तेल लावून, कोरड्या फडक्यात. धपाटे पहिल्या दुपारीच संपवा, त्यात कांदा-कोथिंबीर असते, ती दुसऱ्या दिवशी वास मारते. म्हणजे दोघींचंही ऐकल्यासारखं होईल.

वाफसा

केजमधून जायच्या दिवशी इथं कळवा. हुरड्याचे दिवस असत्याल, रानात थांबा. सायकली बांधावरच ठेवा, रान भिजवलेलं असंल.